पितृपक्षात दुकानाची पायरी चढा

या महिन्याच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं दिवाळीच्या हंगामात दुकानात मिळणाऱ्या कामाबद्दल आहेत. ती जुलैतच आली याचा मला मनापासून आनंद झाला. मागच्या वर्षी हीच पत्रं धनत्रयोदशीच्या आठवड्यात हाती पडली होती आणि तेव्हा कोणालाच उपयोगाचं काही सांगता आलं नव्हतं. मी नागपुरात इतवारी आणि बर्डीवरच्या साड्यांच्या दुकानांत मिळून २६ वर्षं काम केलं. शेवटची ९ वर्षं हंगामाची माणसं निवडायचं काम माझ्याकडेच होतं. माझी स्वतःची सुरुवातही दिवाळीच्या २० दिवसांच्या कामानं झाली, १९९१ साली. त्यामुळे या पत्रांतली काळजी मला अगदी आतून कळते.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत बायोडेटाच्या २० प्रती काढल्या आणि एका संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवरची सगळी दुकानं पालथी घातली. कुठे "जागा भरली", कुठे "ठेवून जा". एकाचाही फोन आला नाही. यंदा फीसाठी पैसे लागणार आहेत. माझं काय चुकलं?
— वय १९, पारडी

बाळ, चुकला तो फक्त दिवस. आणि थोडी वेळही.

दुकानाची दिवाळी गिऱ्हाइकाच्या दिवाळीच्या दीड महिना आधी लागते. सुरतेहून, बनारसहून माल येतो. गाठी सोडायच्या, नग मोजायचे, बिलाशी ताळा करायचा, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या, मग रॅक भरायचे. हे सगळं नवरात्राच्या आत उरकावं लागतं, कारण घट बसले की गिऱ्हाईक श्वास घेऊ देत नाही. त्या गर्दीत नव्या मुलीला शिकवायला कोणालाच सवड नसते. तू धनत्रयोदशीच्या तोंडावर, तेही संध्याकाळी गेलीस. त्या वेळी काउंटरवरच्या माणसाला पाणी प्यायलाही फुरसत नसते. तुझा बायोडेटा त्यानं घेतला तो तू लवकर बाजूला व्हावंस म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही तसं केलेलं आहे आणि त्याची खंत आजही वाटते.

मग जायचं कधी? पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी नवं कापड घेत नाही. दुकान रिकामं, मागच्या खोलीत मात्र गाठींचा ढीग. शेठ मोकळे असतात, मॅनेजर मोकळा असतो आणि दोघांनाही हातांची गरज असते. यंदा, २०२६ ला, ज्येष्ठ अधिक आला म्हणून सगळे सण लांबलेत. गणपती १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हे तुझे दिवस. पितृपक्षात नवं काम धरू नये असं घरात कोणी म्हणालं, तर चौकशी तेव्हा कर आणि पहिला दिवस घटस्थापनेचा माग. माझ्या आईनं माझ्या वेळी हाच तोडगा काढला होता.

दुपारी तीन ते चारच्या मध्ये जा. जेवणं झालेली असतात, संध्याकाळची वर्दळ सुरू व्हायची असते. आत गेल्यावर थेट गल्ल्याकडे जाऊ नकोस. फ्लोअरवरचा सगळ्यात जुना माणूस शोध. तो ओळखू येतो, बाकीचे त्याला विचारून माल काढतात. त्याला विचार, "काका, दिवाळीला माणसं लागणार आहेत का? कोणाशी बोलू?" हंगामाला कोण ठेवायचं, हे अनेक दुकानांत तोच ठरवतो, शेठ फक्त हो म्हणतात.

बायोडेटाचं म्हणशील तर मी ९ वर्षांत एकही नीट वाचला नाही. मी समोर एक साडी उलगडायचे आणि म्हणायचे, घडी घाल. घडी यायलाच हवी असं नव्हतं. मुलगी पदर जमिनीला लागू देते का, जरीवर बोट दाबते का, जमलं नाही तर पुन्हा करून बघते का, एवढंच मी बघायची. दुकानात ३० साड्या उलगडल्या की एक विकली जाते. उरलेल्या २९ पुन्हा मूळ घडीवर आणणं हेच हंगामी मुलीचं खरं काम, विकणं नंतर. घरी आईच्या दोन काठाच्या साड्या घे आणि आठ दिवस सराव कर.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहून ने. एका वर्षी उमरेडकडची एक मुलगी आली होती. तिच्या हातात वहीचं एक पान होतं. त्यावर ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकते, रविवार धरून, आणि परीक्षेचे कोणते चार दिवस येऊ शकणार नाही, हे लिहिलेलं होतं. खाली तिचा आणि घरचा असे दोन फोन नंबर. मी तिला उभ्याउभ्याच ठेवून घेतलं. हंगामात दुकानाला सगळ्यात जास्त भीती असते ती ऐनवेळी गळणाऱ्या माणसांची. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा त्याच सुमारास येतात. त्या लपवून काम घेऊ नकोस, आधीच सांग. सांगितलं म्हणून नाकारलेली एकही मुलगी मला आठवत नाही. न सांगता गेलेल्या पुष्कळ आठवतात.

आणि बर्डीवरच अडून राहू नकोस. तुला पारडीहून प्रजापती नगरची मेट्रो जवळ आहे. चितार ओळी चौकात उतरलीस की महाल आणि गांधीबाग हाकेवर. तिथली दुकानं बाहेरून झगमगीत दिसत नाहीत, पण छिंदवाडा, बालाघाट, शिवनीपासूनची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला नागपूरला येतात ती त्याच गल्ल्यांत. हिंदी बरी येत असेल तर ते आवर्जून सांग.

अजून एक. आज जुलै आहे, राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला. राख्यांच्या काउंटरवर १५ दिवसांसाठी मुली लागतात आणि तिथे काही येत नसलं तरी चालतं. त्यापाठोपाठ तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, मग गणपतीच्या सजावटीचं सामान. राखीला नीट वागलेल्या मुलीला दिवाळीसाठी दुकानदार स्वतः फोन करतो. मी असे फोन स्वतः लावलेत. तेव्हा पितृपक्षाची वाटही बघू नकोस, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात निघ.

प्रश्न : माझं वय ४२. लग्नानंतर कधी बाहेर काम केलं नाही. मिस्टरांचा ऑटो आहे, मुलगा बारावीला. दिवाळीचे दोन महिने काम करावं म्हणते. पण दुकानात सगळ्या वीस-बावीसच्या मुली दिसतात. मला कोण घेणार? आणि रात्री उशीर झाला तर?
— मानेवाडा

ताई, तुमचं वय ही तुमची अडचण नाही, हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात कदाचित तरुण मुलीच घेतील. पण नऊवारी, काठपदर, लग्नाचे शालू, मुलांचे गणवेश, पूजेचं सामान, फराळाचे जिन्नस, या सगळ्या ठिकाणी चाळिशीतली बाई गिऱ्हाइकाला हवी असते. सासूला साडी घ्यायला आलेली सून २० वर्षांच्या मुलीला विचारत नाही की हा रंग त्यांना आवडेल का. ती तुम्हाला विचारेल. आणि तुम्ही "कितीपर्यंत दाखवू?" असं न विचारता "कोणासाठी घेताय?" असं विचाराल. हे मला तरुण मुलींना शिकवायला दोन-दोन हंगाम लागायचे.

सुरुवात घराजवळ करा. सक्करदऱ्याला कापडाची दुकानं आहेत, बुधवारचा बाजार आहे. पहिल्याच वर्षी बर्डीपर्यंतची ये-जा कशाला? मिठाई आणि फराळवाल्यांकडे दिवाळीआधी पॅकिंगला बायका लागतात. ते काम बरेचदा दिवसाउजेडी संपतं आणि बसून करता येतं. काउंटरचं काम मात्र उभ्यानं करायचं, हे मनाशी पक्कं करा. माझ्या पहिल्या दिवाळीत चौथ्या दिवशी पाय इतके सुजले की चप्पल चढेना. मऊ तळाची सवयीची चप्पल घालून जा, नवी नको. रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा. आणि दुकानात आळीपाळीनं बसायला स्टूल मिळतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

रात्रीचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हे स्पष्ट आहे : बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती दिली तरी सुरक्षिततेची आणि घरी पोचवायची सोय मालकानं करायची असते. हा कायदा कमी माणसांच्या छोट्या दुकानांना तसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून तिथे तोंडानं आधीच ठरवून घ्या. "भाऊ, मी नऊला निघणार, शेवटचे चार दिवस साडेनऊ." एवढं सरळ. मिस्टरांचा ऑटो आहे तर शेवटच्या आठवड्यात ते घ्यायला येतील का, हे त्यांच्याशीही आजच बोला. गर्दीत बस सुटते आणि मग बाई एकटी चौकात उभी राहते. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत असं झालं होतं. म्हणून कामावर घेताना मी प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच विचारायचे : घरी कशी जाशील?

प्रश्न : आमची नरखेडकडे संत्र्याची बाग आहे, मृग बहार घेतो. तोडा संपला की मार्चनंतर हाताला काम नसतं. नागपुरात उन्हाळ्यात दुकानात काम मिळतं का?
— वय २४

मिळतं, आणि दिवाळीपेक्षा सोपं मिळतं. नागपूरचा उन्हाळा हाच इथला मोठा हंगाम आहे. होळी झाली की घरोघरी कूलर बाहेर निघतात. वूड वूल किंवा खसच्या ताट्या बदलायच्या, पंप तपासायचे, नवा कूलर घरी पोचवून बसवून द्यायचा. दुकानदाराला फेब्रुवारीच्या शेवटापासून उचलाठेव करणारी आणि स्क्रू ड्रायव्हर हाताळणारी माणसं लागतात. शेतात मोटार, स्टार्टर तुम्ही स्वतः बघत असाल. तेच आधी सांगा, शिक्षण नंतर. ओला कूलर दुरुस्त करताना प्लग काढल्याशिवाय हात घालायचा नाही. दुकानात कोणी कितीही घाई केली तरी नाही. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि घाई त्यासाठी कारण होऊ नये.

त्यानंतर अक्षय तृतीयेची लग्नं, आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकं, दप्तरं, गणवेश. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राहून उशिरा उघडतात, त्यामुळे ही गर्दी जूनच्या अखेरपर्यंत चालते. मार्च ते जून सलग चार महिने तुम्हाला दोन-तीन दुकानांत मिळून भरता येतील. नागपुरात राहायची सोय आधी लावा, रोजच्या जाण्यायेण्यात कमाई निघून जाते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर मेसेज आला, मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामात दिवाळीसाठी पॅकिंग, आठवड्याला पगार. नोंदणी आणि गणवेशाचे १,५०० रुपये आधी भरायचे आहेत. भरू का?
— वाडी

नका भरू. काम देणारा पैसे घेत नाही, देतो. गोदामांत सणाच्या सेलसाठी माणसं खरोखर घेतात, पण ती ठेकेदाराच्या एजन्सीमार्फत, प्रत्यक्ष बोलावून. एजन्सीचं नाव, पत्ता आणि गोदामाची जागा विचारा आणि स्वतः जाऊन बघा. आधार आणि बँक खात्याचा नंबर द्यावा लागतो, ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. पैसे आधीच गेले असतील तर आत्ताच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके परत मिळणं अवघड. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, तीही करून ठेवा.

खऱ्या एजन्सीत लागलात तर पगारातून पीएफ कापतील. घाबरू नका, ते तुमचेच पैसे. पीएफचा यूएएन नंबर लिहून ठेवा. पुढच्या हंगामात दुसरी एजन्सी असली तरी तोच नंबर द्यायचा, नाहीतर थोडे थोडे पैसे चार खात्यांत अडकतात. अशी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि कष्टाचे दोन-अडीच हजार सोडून देणारीही.

प्रश्न : मागच्या दिवाळीत एका दुकानात २२ दिवस काम केलं. कॅशवर आम्ही तिघं आळीपाळीनं बसायचो. शेवटी १,८०० रुपयांची तूट निघाली ती माझ्याच पगारातून कापली, आणि शेवटच्या सहा दिवसांचे पैसे "नंतर ये" म्हणून दिलेच नाहीत. चार चकरा मारल्या. आता सोडून द्यावं का?
— वय २७, जरीपटका

सोडू नका, दादा. तुमचं पत्र वाचून मला झोप लागली नाही, कारण हे असं घडताना मी काउंटरच्या या बाजूनं पाहिलं आहे आणि तेव्हा मी गप्प बसले.

आधी तुटीचं. गल्ल्यातली तूट पगारातून कापायची तर ती त्याच माणसाच्या निष्काळजीपणामुळे झाली असली पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. वेतनाच्या कायद्यात ही तरतूद जुनी आहे. तिघं एकाच गल्ल्यावर, मधे मोजणी नाही, तर एकट्यावर तूट टाकताच येत नाही. यापुढे कॅशवर बसलात तर बसताना आणि उठताना रक्कम मोजायची, कागदावर लिहायची, दोघांनी सही करायची. दिवाळीच्या गर्दीत पाच मिनिटं जातात. जाऊ द्या. जिथे मोजू देत नाहीत तिथे कॅशवर बसू नका, माल दाखवायला उभे राहा.

सहा दिवसांचे पैसे म्हणजे तुमची मजुरी, कोणाची मेहरबानी नव्हे. काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा असतो. आता चकरा थांबवा आणि लिहा. साधा अर्ज : किती तारखेपासून किती तारखेपर्यंत काम केलं, रोज किती ठरला होता, किती मिळाले, किती बाकी. एक प्रत दुकानाला स्पीड पोस्टानं, पावती जपून ठेवायची. १५ दिवस वाट बघा. नाही दिले तर तीच प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात जा. वकील लागत नाही. पुरावा काय, असं तिथे विचारतील. हजेरीचा फोटो, मालकाचे "उद्या लवकर ये" असे मेसेज, आधी मिळालेल्या पैशांची खात्यातली नोंद, तुमच्यासोबत काम केलेल्या दोघांपैकी एकाचा शब्द, यातलं जे असेल ते गोळा करा.

बोनसचं तुम्ही विचारलं नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. २० किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी वर्षात कामाचे किमान ३० दिवस भरले, तर कमी पगाराच्या माणसाला निदान ८.३३ टक्के बोनसचा हक्क येतो, तो हंगामी असला तरी. तुमचे २२ होतात, म्हणून तो मिळणार नाही. ज्यांचं काम अजून ठरायचं आहे त्यांनी तारखा ठरवताना ३० दिवस भरतात का ते मोजावं. जादा वेळेचे पैसे दुप्पट दरानं मिळतात, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. किमान वेतनातला महागाई भत्ता राज्य सरकार जानेवारीत आणि जुलैत बदलतं, तेव्हा मागच्या दिवाळीचा दर यंदा कोणी सांगितला तर मान्य करू नये.

मी १९९१ च्या त्या दिवाळीत रोजच्या रोज एका पाठकोऱ्या वहीत तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची. वडील मिलमध्ये होते, सवय त्यांची. शेवटच्या दिवशी शेठनी १८ दिवसांचे पैसे पुढे केले. मी वही उघडून दाखवली. त्यांनी बोट ठेवून २० मोजले आणि काही न बोलता दोन दिवसांचे पैसे आणखी दिले. पुढच्या वर्षी त्यांनीच निरोप पाठवला.

दादा, तुमचे २२ दिवस आठवतील तसे तारीखवार लिहून काढा आणि मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. सणवार, पाऊस, दुकानात झालेली भांडणं, जे आठवेल त्यावरून तारखा लागतात. अर्ज मी बसून लिहून देते. पुढच्या अंकाची वाट बघू नका.